पहिला बोहो ड्रेस: धडे डिझायनरांचे, शिवण गल्लीतल्या ताईंची

बोहो (म्हणजे बोहेमियन थाटाचे, सैल, भटक्या वळणाचे) कपडे घालायचे ठरवलं की पहिली खरेदी हमखास दागिन्यांची होते. ऑक्सिडाइज्ड झुमके, गोंड्यांची झोळी, बोटाबोटात अंगठ्या, कवड्यांचा पट्टा. मग हे सगळं नेहमीच्याच कुर्त्यावर चढतं आणि आरशात दिसतो तो गरब्याला निघालेला अवतार. त्यात दागिन्यांचा दोष नाही. ही फॅशन ज्यांनी घडवली त्यांचा जीव बाहीत, योकमध्ये (खांद्यापासून छातीपर्यंतचा वरचा जोड), घेरात आणि कापड अंगावरून कसं पडतं यात अडकला होता. ते जमलेलं असेल तर कान मोकळे ठेवले तरी चालतात. ते जमलेलं नसेल तर माळांचा ढीगही वाया जातो.

म्हणून हा लेख एकाच ड्रेसबद्दल आहे: पहिला, नीट विचार करून केलेला. तयार घेणार असाल तरी हेच निकष लागतील, पण माझं मत शिवून घेण्याच्या बाजूने आहे. लंडन-पॅरिसची ही फॅशन ज्या कापडांवर उभी राहिली, त्यातली बरीचशी आपल्याकडे मीटरवर मिळतात. आणि माप घेऊन शिवून देणाऱ्या ताई अजून आपल्या गल्लीत आहेत. तिकडच्या मुलींना ही चैन परवडत नाही.

पायरी १: कल कुठे आहे ते ठरवा

रोमँटिक आणि बोहेमियन हे शब्द जोडीने येतात, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. रोमँटिक कपड्याची नजर जुन्या युरोपकडे असते: उंच गळा, लेस, फुगा बाही, बारीक फुलं, पांढरा किंवा विटका रंग, कंबर थोडी दाखवलेली. बोहेमियन कपड्याची नजर पूर्वेकडे आणि भटक्या लोकांकडे असते: सरळ पट्ट्यांचे सैल कपडे, गडद रंग, भरतकाम, आरसे, एकावर एक थर.

दोन्हींचं मूळ एकाच कंटाळ्यात आहे, तो म्हणजे कंबर आवळणाऱ्या ताठ कॉर्सेटचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या प्री-राफेलाइट चित्रकारांच्या गोतावळ्यातल्या स्त्रिया कॉर्सेट टाकून सैल, मोठ्या बाह्यांचे झगे घालू लागल्या. १८७५ मध्ये आर्थर लिबर्टी यांनी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकान उघडलं आणि तिथे या मंडळींना हवं तसं मऊ, अंगाबरोबर पडणारं पूर्वेकडचं रेशीम मिळू लागलं. त्यात आपलं टसरही होतं. इंग्लंडमधल्या लीक गावचे थॉमस वॉर्डल ते रंगवून देत. पुढे पॅरिसमध्ये पॉल प्वारे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्सेटला रजा दिली आणि खांद्यावरून सुटणारे पौर्वात्य झगे श्रीमंतांच्या मेजवान्यांत नेले. १९६० च्या दशकात लंडनने हे सगळं पेटाऱ्यातून पुन्हा बाहेर काढलं, आणि तिथून पुढची नावं आपल्या कामाची आहेत.

कल ओळखायला कपाट उघडा. जे कपडे तुम्ही न सांगता पुन्हा पुन्हा काढता, ते अंगासरशी आहेत की झुलणारे? फिक्या रंगांचे की गडद? पहिल्या ड्रेसमध्ये एक घराणं सत्तर टक्के आणि दुसरं चवीपुरतं, एवढं ठेवा. लेसचा उंच गळा, आरशांची बटणपट्टी आणि कोयऱ्यांचा घेर एकाच कपड्यात आले की ते एकमेकांशी भांडत बसतात.

पायरी २: एक गुरू धरा

इंटरनेटवर शेकडो फोटो साठवण्यापेक्षा एका डिझायनरचे वीस कपडे नीट बघा. बाही कुठे सुरू होते, चुण्या कुठे आहेत, शिवण कुठून कुठे जाते. प्रत्येकाकडून एकेक गोष्ट घेण्यासारखी आहे.

थिआ पोर्टर यांच्यापासून सुरुवात करा, कारण त्यांचे कपडे नवख्या शिंप्यालाही जमतात. जन्म १९२७ चा, जेरुसलेमचा. बालपण दमास्कसमध्ये, संसार बैरूतमध्ये. १९६६ मध्ये त्यांनी लंडनच्या सोहो भागात ग्रीक स्ट्रीटवर दुकान थाटलं ते घरसजावटीच्या सामानाचं, पूर्वेकडून आणलेल्या कापडांचं. गिऱ्हाइकं त्या कापडांचे कपडेच मागू लागली आणि त्यांचे काफ्तान प्रसिद्ध झाले. अरबी अबाया आणि काफ्तान यांची रचना जवळजवळ चौकोनांची असते. कापड जेवढं भारी तेवढी कात्री कमी चालवायची, हा त्यांच्याकडून शिकायचा धडा. घरात जुनं जरीचं किंवा भरतकामाचं कापड असेल तर त्याच्या चिंध्या करून त्याला ‘शेप’ देऊ नका. दोन खांदे, एक गळा, दोन बाजूच्या शिवणी, बस्स.

ऑसी क्लार्क आणि सीलिया बर्टवेल हे दुसरं टोक. तो कापायचा, ती कापडावरची नक्षी काढायची. चेल्सीतल्या ‘कोरम’ या दुकानातून ते कपडे विकले जात. डेव्हिड हॉकनी यांनी १९७०–७१ मध्ये रंगवलेलं या जोडप्याचं आणि त्यांच्या मांजराचं भलंमोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात सीलिया लांब, पायघोळ झग्यात उभी आहे. तो झगा निवांत न्याहाळा, एका चित्रात अर्धा अभ्यासक्रम आहे. क्लार्क यांचा हात मॉस क्रेप आणि शिफॉनवर बसलेला होता. कापड ते बऱ्याचदा उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, कापत, त्यामुळे ड्रेस अंगाला चिकटत नाही पण अंग विसरतही नाही. कित्येक ड्रेसमध्ये किल्ली आणि एखादी नोट मावेल एवढा चोरखिसा ते ठेवून देत. तुमच्या ताईंना तो आवर्जून सांगा. बर्टवेल यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे नक्षीची जोडी: एकाच ड्रेसमध्ये मोठं फूल आणि बारीक फूल, पण रंग त्याच कुटुंबातले.

झँड्रा ऱ्होड्स मुळात कापडावर छपाई करणाऱ्या. स्वतःच्या नावाने पहिला संग्रह त्यांनी १९६९ मध्ये केला. नक्षी जिथे संपते तिथेच कपड्याची कड आणायची, ही त्यांची खोड. काठापदराच्या देशातल्या माणसांना हे वेगळं शिकवायला नको, तरी आपल्याकडे सुंदर काठ कापून योकच्या आत दडपून टाकणारे लोक आहेतच.

रोमँटिक बाजूला लॉरा ॲशली यांना तोड नाही. १९५३ मध्ये पती बर्नार्ड यांच्याबरोबर लंडनच्या पिम्लिको भागातल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर छपाई सुरू केली. पुढे वेल्समधल्या कार्नो गावी कारखाना आला, आणि १९७० च्या दशकात उंच गळ्याचे, झालरीचे, बारीक फुलांचे सुती झगे घराघरात पोचले. नक्षी बहुतेक एका-दोन रंगांची, कापड साधं सुती. ही साधेपणाची किमया फार लोक विसरतात आणि सात रंगांचं फुलाफुलांचं कापड घेऊन येतात. मग झगा कमी आणि पलंगपोस जास्त दिसतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९६७ मध्ये ‘गन्नी सॅक्स’ सुरू झालं. १९६९ मध्ये जेसिका मॅक्लिंटॉक त्यात भागीदार म्हणून आल्या आणि नंतर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. लेसच्या पट्ट्या, फितीने आवळलेली पुढची बाजू, लांब घेर. हिलरी क्लिंटन यांनी १९७५ मध्ये लग्नात घातलेला ड्रेस जेसिका मॅक्लिंटॉक यांचाच. यांच्याकडून लेस कुठे लावायची ते शिका: शिवणीवरून, म्हणजे लेस कपड्याची रेघ दाखवते. मधेच पोटावर चिकटवलेली लेस कशाचीच रेघ दाखवत नाही.

पॅरिसची दोन नावं पुरेत. अल्जीरियात जन्मलेल्या ईव्ह सँ लोराँ यांनी १९६६ मध्ये माराकेश पाहिलं आणि त्यांचे रंग बदलले. १९७६ च्या हिवाळी संग्रहात त्यांनी रशियन शेतकरी बायकांचे घेरदार परकर आणि फुगे बाह्या सोनेरी-मखमली थाटात आणल्या. जांभळ्यावर केशरी, लालवर राणी असा बेधडक रंगमेळ शिकायचा तर इथे. दुसरं नाव क्लोए. मूळच्या इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या गॅबी आगियाँ यांनी १९५२ मध्ये ते सुरू केलं. कार्ल लागरफेल्ड यांनी १९७० च्या दशकात तिथे हवेसारखे हलके ब्लाउज आणि ड्रेस केले. २००० नंतर फीबी फायलो यांच्या काळात ‘बोहो शिक’ची लाट आली, तेव्हा अभिनेत्री सिएना मिलर नाण्यांचा पट्टा आणि तीन थरांचा परकर घालून फिरायची आणि तिची नक्कल जगभर झाली. आता शेमेना कमाली तिथे आहेत. त्यांच्या फेब्रुवारी २०२४ मधल्या पहिल्या शोनंतर झालरींचे ब्लाउज आणि लाकडी टाचा पुन्हा सगळीकडे दिसू लागल्या. कमरेच्या वर सगळा फुलोरा आणि खाली साधी जीन्स, ही क्लोएची युक्ती ऑफिसला जाणारीसाठी सर्वांत सोपी.

आपल्याकडचं बघायचं असेल तर जयपूरच्या ‘अनोखी’ने ठशांच्या छपाईचे सुती कपडे परदेशी दुकानांपर्यंत नेले, रितू कुमार यांनी बंगालमधून ठशांच्या छपाईवर काम सुरू केलं, मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी २००७ मध्ये ‘ग्लोबल देसी’ काढलं, आणि अनीत अरोरा यांचं ‘पेरो’ २००९ पासून आहे. या सगळ्यांत माझा कौल पेरोला. आतल्या शिवणीसुद्धा बाहेर घालाव्यात इतक्या देखण्या असतात, आणि बटणं एकसारखी नसली तरी बिघडत नाही हे त्यांनीच पटवून दिलं.

पायरी ३: कापड हातात घ्या

दुकानात आधी कापड बघू नका, पाडून बघा. दीड-दोन मीटर सोडायला सांगा, एका टोकाला मुठीत चुण्या घ्या आणि हात उंच धरा. कापड मुठीखाली लगेच खाली उतरलं तर ते घेराला चांगलं. छत्रीसारखं उभं राहिलं तर घेरात जाडी दाखवणार, मग त्याची बाही करा.

मलमल आणि व्हॉइल झालरीला, थरांना उत्तम, पण आतून अस्तर लागतं. केंब्रिक थोडं ताठ, म्हणून फुगा बाही आणि उंच गळ्याला छान. हकोबा हे तर रोमँटिक घराण्याचं आयतं कापड आहे. आपल्या आयांनी परकर-पोलक्यांना वापरलं म्हणून आपण त्याला जुनाट समजतो, आणि त्याच भोकाभोकांच्या भरतकामाचा पांढरा ड्रेस परदेशी लेबल लागलं की अवाच्या सवा किमतीला जातो. चुरगळलेलं पातळ सुती कापड १९७० च्या दशकात भारतातून ढिगांनी निर्यात झालं. त्याला इस्त्री लागत नाही, प्रवासाला बरं. रेयॉन पडतं सुंदर, पण ओलं असताना कमजोर होतं आणि आटतं. उरेब कापायचं असेल तर क्रेप किंवा जॉर्जेट घ्या.

धागा ओळखायचा असेल तर कडेचा एक धागा ओढून काडी लावा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, कागदासारखा जळून राख झाली तर सुती किंवा रेयॉन. हाताच्या ठशांचं कापड म्हणून दाम जास्त सांगत असतील तर ठसा जिथे ठशाला भिडतो ती जागा शोधा. तिथे कुठेतरी रंग एकावर एक चढलेला किंवा रेघ केसभर सरकलेली दिसते. उलट्या बाजूलाही रंग बराचसा झिरपलेला असतो. मशीनच्या छपाईत सगळं काटेकोर असतं आणि मागची बाजू बहुतेक फिकी. मशीनचं कापड वाईट नसतं, फक्त हातछपाईचे पैसे त्याला देऊ नका.

मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ ही कापडाची ठिकाणं. लेस, गोंडे, बटणं यांसाठी भुलेश्वर किंवा तुळशीबाग. कापडाच्या आधी लेस घेऊ नका, ती कधीच जुळत नाही.

घरी आणल्यावर सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच शिवायला द्या. आटायचं ते आधीच आटू दे. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग लागतो का तेही बघा. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. कच्चा असेल तर तो ड्रेस वेगळा धुवायचा, एवढंच.

पायरी ४: शिवायला टाकताना

आपल्या टेलरांची अब्रू फिटिंगमध्ये असते. सैल कपडा दिला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो आणि ते प्रेमाने दोन टक्स मारून देतात. म्हणून आधीच स्पष्ट सांगा: खांदा अचूक, बाकी सैल. या प्रकारात सगळा कपडा खांद्यावर टांगलेला असतो. खांद्याची शिवण दंडावर घसरली तर बाकीचं सगळं उसनं वाटतं. छातीला मापापेक्षा चार-पाच इंच जास्त ठेवा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) नेहमीपेक्षा अर्धा इंच खोल.

तीन थरांच्या लांब ड्रेसचं गणित असं धरा. योकचा खालचा घेर ४० इंच असेल तर पहिला थर त्याच्या दीडपट म्हणजे ६० इंच, दुसरा ९०, तिसरा १३५. उंची वरून खाली थोडी वाढत जाते: १२, १३, १५ इंच, शिवणीची माया धरून प्रत्येकी एक इंच जास्त. तिन्ही थर सारख्या उंचीचे केले तर ड्रेस खाली बसका दिसतो. ४४ इंच पन्ह्याचं कापड फुगा बाहीसकट साडेचार ते पाच मीटर लागतं, अस्तराला दोन-अडीच मीटर मलमल. पांढऱ्या ड्रेसला पांढरं अस्तर लावून आतलं दिसायचं थांबत नाही. अस्तर किंवा स्लिप अंगाच्या रंगाची घ्या.

चुण्या घालायला सांगा, प्लीट्स नकोत. घाईत बरेच जण छोट्या प्लीट्स मारून मोकळे होतात, आणि झालरीचा सगळा मऊपणा जातो. मोठ्या टाक्याच्या दोन समांतर शिवणी मारून दोरे ओढायचे, चुण्या बोटांनी सारख्या करायच्या आणि मग पक्की शिलाई. वेळ लागतो, म्हणून शिलाईचे जास्त पैसे मागितले तर घासाघीस करू नका. उंच गळ्यात बक्रम (ताठ करणारं आतलं कापड) घालू नका म्हणून बजावा, नाहीतर गळा वकिलाच्या बँडसारखा उभा राहील. बाहीच्या मनगटाला इलॅस्टिकऐवजी पट्टी आणि दोन बटणं बरी, कोपरापर्यंत सरकवता येते.

उरेब ड्रेस असेल तर खालची कड लगेच शिवू नका. ड्रेस हँगरला एक दिवस टांगून ठेवा. कापड स्वतःच्या वजनाने कुठे एक इंच, कुठे दोन इंच खाली उतरतं. मग पायात नेहमीच्या चपला घालून, जमिनीपासून मोजून कड कापायची.

भारी कापड असेल तर आधी मांजरपाटाचा नमुना शिवून घ्या, निदान वरच्या भागाचा. चार पैसे जातात, पण कात्री चालल्यावर रडावं लागत नाही.

आता साडीची गोष्ट, कारण बहुतेकींचा पहिला ड्रेस आईच्या जुन्या साडीचाच होतो. आधी साडी उजेडाकडे धरून घडीच्या रेघा तपासा. रेशीम तिथेच फाटत आलेलं असतं. दोन बोटांत धरून ताणा, कुरकुरलं तर ती साडी जपून ठेवा, शिवू नका. सुती साडी धड असेल तर पदराच्या विरुद्ध टोकाकडून १३५ इंच लांबी घ्या. त्यात उभे तीन पट्टे होतात: एका काठाकडचा १६ इंचांचा पट्टा सलग, तो तिसरा थर, म्हणजे काठ आपोआप खालच्या घेराला येतो आणि तुरपाईही वाचते. दुसऱ्या काठाकडचा १४ इंचांचा पट्टा, त्यातले ९० इंच म्हणजे दुसरा थर, त्यालाही काठ खाली. मधला पट्टा काठ नसलेला, त्यातले ६० इंच म्हणजे पहिला थर. साडेपाच मीटरमधले दोन मीटर अजून शिल्लक राहतात. साध्या भागातून योक, पदरातून बाह्या. साडीचा पन्हा काठ धरून ४४ इंच तरी आहे का ते आधी मोजा, काही जुन्या साड्यांचा कमी असतो. तेव्हा मधल्या पट्ट्याची, म्हणजे पहिल्या थराची, उंची कमी करायची, काठाची नाही.

पायरी ५: तयार घेताना काय विचारायचं

योकची आतली बाजू उलटून बघा. इंटरलॉकचे दोरे लोंबत असतील, चुण्यांच्या जागी प्लीट्स असतील, नक्षी बाजूच्या शिवणीवर कशीही तुटली असेल तर लेबल कितीही मोठं असो, ठेवून द्या. जुने कपडे घेताना काखेचे डाग आणि चेन आधी तपासा, लेस नंतर.

आणि हे कुणाचं आहे, ते विचारा. बोहो फॅशनचा इतिहास उसनवारीचा आहे आणि उसनवारी सांगून केलेली असतेच असं नाही. फ्रेंच डिझायनर इझाबेल मारां यांच्या कपड्यांवर मेक्सिकोतल्या आदिवासी समाजांच्या नक्ष्या असल्याची तक्रार एकाहून अधिक वेळा झाली. २०२० मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी पुरेपेचा नक्षीबद्दल जाब विचारल्यावर मारां यांनी माफी मागितली. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या त्या कोल्हापूरचं नाव न घेता. आपल्याकडून ओरड झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हाच न्याय आपल्यालाही. आरशांचं, कवड्यांचं काम ‘जिप्सी’ म्हणून विकलं जातं, तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचा फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) आठवा. युरोपातल्या रोमा लोकांपैकी अनेकांना ‘जिप्सी’ हा शब्दच शिवीसारखा लागतो. तांड्यावरच्या बाईकडून थेट एखादा भरतकामाचा पट्टा मिळत असेल तर तिने सांगितलेला भाव द्या, आणि तो एकच पट्टा ड्रेसवर लावा.

पायरी ६: घालायचं कसं

नियम म्हणावा असा एकच: वर फुललं तर खाली शांत, खाली फुललं तर वर शांत. तीन थरांच्या घेरावर फुगा बाही चालते, पण मग गळा साधा. झालरीचा ब्लाउज असेल तर खाली सरळ पँट.

उंची कमी असलेल्यांना लांब घेर शोभत नाही, हे मला मान्य नाही. पहिला थर छातीखाली सुरू करा, नक्षी बारीक घ्या, कड घोट्याच्या हाडावर थांबवा. अंगाने भरलेल्या असाल तर चुण्या समोर मधोमध कमी आणि बाजूंना जास्त टाकायला सांगा, आणि थराची शिवण नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर येऊ देऊ नका.

पायात कोल्हापुरी, साधी सँडल किंवा घोट्यापर्यंतचे बूट. दागिना एकच, पण खरा वाटणारा: जुनी चांदीची ठुशी, एक जाड कडं. केस मोकळे सोडायचं बंधन नाही, सैल वेणी या कपड्यांना फार छान दिसते. गोव्यात अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारात, १९७० च्या दशकात हिप्पींनी सुरू केलेल्या, अजूनही गळ्यात घालण्याजोगं काही मिळतं. मात्र तिथे भाव पाडल्याशिवाय काही घेऊ नका.

दोन गोष्टी सौंदर्याच्या नाहीत पण सांगायलाच हव्यात. स्कूटरवर बसताना घेर गोळा करून मांडीखाली घ्या. चाकात गेलेलं कापड माणसालाही ओढून नेतं. आणि मनगटाशी घंटेसारखी उघडणारी बाही घालून गॅसपाशी जायचं नाही. स्वयंपाक करायचा असेल तर बटणाच्या पट्टीची बाही, तीही वर सरकवून.

पायरी ७: धुणं आणि ठेवणं

ठशांचे आणि लेसचे कपडे उलटे करून, गार पाण्यात, हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. वाळत घालताना दोरीवर खांद्यांनी लोंबकळत सोडू नका, तीन थरांचं पाणी एकत्र खाली ओढतं आणि योक लांबतं. आडवा, घेर पसरून. उरेब ड्रेस हँगरला ठेवायचाच नाही, सैल घडी घालून कपाटात. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. जरीकाठ असेल तर मलमलमध्ये गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नका.

पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर चुण्यांच्या शिवणी तपासा. सगळ्यात आधी तिथेच उसवतं, विशेषतः काखेखाली, जिथे योक आणि पहिला थर भेटतात. चार टाके हाताने घालून घ्या. उरलेल्या कापडातला हातभर तुकडा, दोन बटणं आणि थोडी लेस एका पुडीत घालून ड्रेसच्या घडीतच ठेवा. पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर तोच रंग बाजारात मिळेल याची खात्री नसते.